पंचेचाळीस मिनिटं झाली, पुसा!

सांगली-मिरज-कुपवाडच्या टापूत मी वेबसाइटी करून देतो. मंगल कार्यालयं, पतसंस्था, दोन-चार शाळा, एक डोळ्यांचा दवाखाना, मार्केट यार्डातले हळदीचे अडते, असा माझा गिऱ्हाईकवर्ग. शिक्षण बी. कॉम. कॉम्प्युटरचं म्हणाल तर एमएस-सीआयटीच्या पलीकडे दाखवायला कागद नाही. बाकी सगळं उचलून शिकलेलं. डब्ल्यूथ्रीस्कूल्सची पानं, हिंदीतले यूट्यूब व्हिडिओ, स्टॅक ओव्हरफ्लोवर कुणा अनोळखी माणसाने दुसऱ्याच अनोळखी माणसाला दिलेली उत्तरं. झॅम्प टाकायचं, एचटीडॉक्समध्ये फोल्डर करायचं, पीएचपी लिहायचं, चाललं की फाइलझिलाने थेट सर्व्हरवर चढवायचं. गिऱ्हाइकाने मोबाइलवर उघडून ‘झ्याक झालंय’ म्हटलं की काम संपलं. पैसे सावकाश येतात.

या सगळ्यात एक गोष्ट कधी घडलीच नव्हती, आणि ती घडलेली नाही याचा मला पत्ताही नव्हता. माझा कोड दुसऱ्या कुणीही वाचलेला नव्हता. वाचणार कोण? गिऱ्हाईक स्क्रीन बघतं. गावातले बाकीचे वेबसाइटवाले म्हणजे स्पर्धक, त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडायचा तर वायफायचा पासवर्डही झाकून टाकावा लागतो. इंजिनिअरिंग केलेल्यांना निदान परीक्षेत कुणीतरी मार्क देतं. आमच्यासारख्यांचा कोड फक्त मशीन वाचतं, आणि ते एवढंच सांगतं की अमुक ओळीवर अर्धविराम राहिला.

पुण्याला जायचं निमित्त एका पतसंस्थेने दिलं. मोठं काम होतं, व्याजाचा हिशेब वगैरे. संचालकांच्या बैठकीत एकाच्या मुलाने, तो कुठल्यातरी मोठ्या कंपनीत होता, मला विचारलं, “तुम्ही टेस्टिंग कसं करता?” मी म्हटलं, “उघडून बघतो की.” बैठकीत कुणी हसलं नाही, पण काम दुसरीकडे गेलं. ते मी मावसभावाला सांगितलं. तो हिंजवडीत असतो. त्याने व्हॉट्सअॅपवर एक फॉर्म पाठवला आणि फोन केला.

“कोड रिट्रीट आहे बघ, शनिवारी, बाणेरला. फुकट आहे. जेवणही देतात.”

“शिकवणार काय?”

“शिकवत नाहीत.”

“मग?”

“तू ये तर.”

शनिवारी सकाळी नऊला बाणेरच्या एका काचेच्या इमारतीत पोचलो. सुट्टीमुळे ऑफिस रिकामं, पण एसी पूर्ण जोरात. दाराशी स्टिकर देत होते, त्यावर आपलं नाव आणि खाली येणाऱ्या भाषा लिहायच्या. माझ्या पुढच्याने कोटलिन आणि रस्ट लिहिलं. मी पीएचपी लिहिलं. त्याने वाचून “ओह, नाइस” म्हटलं, ते आजारी माणसाला ‘तब्येत सुधारलेली दिसते’ म्हणतात त्या सुरात. पीएचपीला नावं ठेवायची तिथे रीतच दिसली. रासमुस लेरडॉर्फने स्वतःच्या घरगुती वेबपानासाठी केलेली आणि 1995 मध्ये सगळ्यांना खुली केलेली ही हत्यारं. तिच्यावरच विकिपीडिया चालतो, वर्डप्रेस चालतं आणि माझी चूलही पेटते. पण त्या खोलीत तसं म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं.

चहाला सगळे आद्याक्षरांत बोलत होते. टीडीडी, सीआय, पीआर, डीडीडी. मी मान हलवत राहिलो. मान कुठे हलवायची आणि कुठे नाही, हे समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येतं. गिऱ्हाइकांनी तेवढं शिकवलेलं आहे.

कार्यक्रम चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या. आखूड केस, पायात स्पोर्ट्स शूज, आवाजाला माइकची गरज नाही. त्यांनी फळ्यावर दिवसाची आखणी लिहिली आणि पहिल्याच वाक्यात माझी विकेट काढली. “आज इथे कुणीही प्रोग्रॅम पूर्ण करायचा नाहीये.”

रीत अशी. दिवसभर एकच प्रश्न सोडवायचा. दोघांनी एका लॅपटॉपवर बसायचं. पंचेचाळीस मिनिटांनी घंटा. घंटा झाली की लिहिलेला सगळा कोड पुसायचा. मग गोल करून बोलायचं, जोडीदार बदलायचा आणि तोच प्रश्न कोऱ्या फाइलवर पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी एखादी नवी अट घातली जाणार. हा प्रकार 2009 च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमधल्या अॅन आर्बर इथे सुरू झाला. कोरी हेन्स नावाच्या प्रोग्रॅमरने तो गावोगावी नेला, आणि 2011 पासून वर्षातला एक दिवस धरून जगभर एकाच वेळी अशी शिबिरं भरतात. कल्पना मागची अशी सांगितली की गायक मंडळी मैफिलीच्या बाहेर रियाज करतात, प्रोग्रॅमर मात्र थेट गिऱ्हाइकाच्या कामावरच हात साफ करतात. हे ऐकून माझी काही गिऱ्हाइकं डोळ्यांपुढे आली.

प्रश्न होता ‘गेम ऑफ लाइफ’. जॉन कॉनवे या इंग्रज गणितज्ञाचा. मार्टिन गार्डनर यांनी 1970 च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याची ओळख करून दिली आणि तो जगभर पसरला. नावात गेम असला तरी खेळाडू लागत नाही. चौकटींचा पट, प्रत्येक घर जिवंत किंवा मेलेलं. प्रत्येक घराला आठ शेजारी. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ते पुढच्या पिढीत टिकतं. दोनपेक्षा कमी असतील तर एकटेपणाने मरतं, तीनपेक्षा जास्त झाले तर गर्दीने मरतं. मेलेल्या घराला बरोबर तीन जिवंत शेजारी मिळाले तर ते जन्मतं. संपले नियम. एवढ्यातून असले आकार निघतात की कुणी धडधडत राहतं, कुणी पाच घरांचं चिमुकलं जनावर तिरकं सरकत पटावरून निघून जातं. कुठलाच आकार कायम वाढत राहणार नाही असा कॉनवे यांचा अंदाज होता आणि तो खरा-खोटा करून दाखवणाऱ्याला त्यांनी पन्नास डॉलर लावले होते. एमआयटीच्या बिल गॉस्परच्या गटाने त्याच वर्षी नोव्हेंबरात ते जिंकले. दर तीस पिढ्यांनी एक सरकतं जनावर बाहेर फेकणारी बंदूकच त्यांनी शोधली. कॉनवे यांचं गणितात इतर फार मोठं काम आहे आणि लोक आपल्याला याच खेळामुळे ओळखतात याचा त्यांना वैताग यायचा म्हणे. 2020 च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले.

पहिली जोडी त्या कोटलिनवाल्या मुलाशीच लागली. बसल्या बसल्या मी कामाला लागलो, म्हणजे एचटीएमएलचं टेबल करायला घेतलं. दहा बाय दहा घरं, जिवंत ती हिरवी, मेलेली पांढरी, कडेला बारीक करडी रेघ. तो जरा वेळ बघत राहिला.

“हे काय करतोयस?”

“पट.”

“दिसायचं नंतर बघू ना.”

“नंतर कसं? दिसलंच नाही तर चालतंय का नाही ते कळणार कसं?”

“टेस्ट सांगेल.”

मला वाटलं तो टाळतोय. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मला आजवर प्रोग्रॅम डोळ्यांनीच कळत आला. आधी पान दिसलं पाहिजे, मग त्यात जीव भरायचा. तो उलट्या टोकाने शिकलेला. त्याचे आकडे काळ्या टर्मिनलच्या बाहेर कधी येतच नसावेत. शेवटी त्याने कीबोर्ड आपल्याकडे ओढला, तेवढ्यात फिरत फिरत त्या बाई आल्या आणि विचारलं, “पट केवढा आहे?” मी म्हटलं, “दहा बाय दहा.” त्या म्हणाल्या, “कोण म्हणालं?” नियम पुन्हा वाचला तर पट अनंत होता. दहा बाय दहा मी आपल्या मनानेच धरलं होतं, स्क्रीनवर मावतं म्हणून. मग कडेच्या घरांचं काय करायचं यावर आमची वीस मिनिटं गेली आणि घंटा झाली.

“पुसा!”

मी माउस रिसायकल बिनकडे नेला. कोटलिनवाला म्हणाला, “शिफ्ट डिलीट.” नवीन माणसाला तिथे सगळ्यात आधी हेच बोचतं. अपुरा, भिकार का असेना, लिहिलेला कोड मी कधी फेकत नाही. माझ्या लॅपटॉपवर ‘इंडेक्स_जुना’, ‘इंडेक्स_नवा’, ‘इंडेक्स_नवा_फायनल’ अशी सगळी घराणी नांदतात. दाबलं शेवटी.

दुसरी जोडीदार एका कॉलेजची शेवटच्या वर्षाची मुलगी. पायथॉनवाली. तिने मला दादा म्हटलं त्यामुळे जीव जरा खाली आला.

“दादा, आधी टेस्ट लिहायची. कोड नंतर.”

“कशाची टेस्ट? अजून काहीच नाहीये.”

“म्हणूनच.”

तिने टेस्ट लिहिली: ज्या जिवंत पेशीला, म्हणजे घराला, एकही शेजारी नाही ती मरते. चालवली. लाल अक्षरांत बोंब, असलं फंक्शनच नाही म्हणून. मग तिने फंक्शन लिहिलं. आत एकच ओळ, उत्तर ‘मेली’. काहीही द्या, उत्तर ‘मेली’. पुन्हा चालवलं. हिरवं.

मी म्हटलं, “ही तर फसवणूक झाली.”

“हो ना,” ती शांतपणे म्हणाली, “आता तुम्ही अशी टेस्ट लिहा की मला फसवता येणार नाही.”

मी लिहिली: दोन शेजारी असले तर जगते. तिचं ‘मेली’ पडलं, लाल. तिने ‘दोन असतील तर जिवंत, नाहीतर मेली’ केलं. हिरवं. मी तीनची टाकली. तिने अट थोडी वाढवली. मी चारची टाकायला गेलो तर ती आपोआपच हिरवी आली, काही न लिहिता. मग तिने मला अडचणीत टाकायला घेतलं. ती टेस्ट लिहायची आणि कोड मी. अर्ध्या तासात नियमांचं एक फंक्शन झालं. पाच-सहा ओळींचं, पण त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आली हे मला सांगता येत होतं. माझ्या पतसंस्थांच्या कोडात अशा ओळी आहेत की त्या काढल्या तर काहीतरी मोडतं, काय मोडतं ते माहीत नाही, म्हणून त्या तिथे आहेत.

हे लाल-हिरव्याचं वळण केंट बेक यांनी लावलं. 2002 मध्ये त्यांचं त्यावर पुस्तक आलं. ‘उघडून बघतो की’ला उत्तर म्हणून त्या बैठकीतल्या मुलाला काय अपेक्षित होतं, ते मला तिथे उमगलं. कोड बदलला की मी उघडून बघतो ते बदललेलं पान. न बदललेली पानं कोण उघडतं?

जेवणाआधीचं सत्र मुकं होतं. जोडीदाराशी एक अक्षर बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, कागदावर लिहायचं नाही. जे सांगायचं ते कोडातून. बाकीच्यांनी कपाळाला हात लावले. मला हायसं वाटलं. कारण माझा जोडीदार उंच, केरळचा, आणि सकाळपासून मला खरी भीती कोडाची नव्हती, इंग्रजीची होती. कळतं सगळं, पण तोंडातून वाक्य निघेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो. या सत्रात दोघांची इंग्रजी सारखीच झाली.

पण मग वेगळीच पंचाईत उभी राहिली. मी लिहिलं ‘डॉलर टेम्प’. त्याने माझ्याकडे बघितलं, कीबोर्ड घेतला आणि त्याचं केलं ‘जिवंत शेजारी’, अर्थात इंग्रजीत. मी पुढे ‘एक्स वन’ लिहिलं, त्याने त्याची ‘ओळ’ केली. मी जरा चिडलो. माझी टेस्ट होती, ‘टेस्ट टू’ नावाची. त्याने तिला एवढं लांब नाव दिलं की ते स्क्रीनच्या बाहेर गेलं. मग मीही हट्टाला पेटलो. त्याने एका फंक्शनमध्ये मोजणी आणि निर्णय दोन्ही एकत्र केले होते, मी त्याचे दोन तुकडे केले आणि त्यांना नावं दिली. त्याने एक मान्य केलं, दुसरं पुन्हा जोडून टाकलं. मी परत तोडलं. असं बराच वेळ चाललं. घंटेनंतर बोलायची मुभा मिळाली तेव्हा तो हसत म्हणाला की तुम्ही फार भांडता हो. आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं. नावांवरून एवढा वाद घालता येतो, घालावा, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. एकट्याने काम करताना ‘टेम्प’ चालतं, कारण त्यात काय आहे ते आपल्याला माहीत असतं. निदान त्या आठवड्यात तरी.

जेवणात पनीर, दाल, जिरा राइस, गुलाबजाम. शेजारी एक काका बसले, पन्नाशी ओलांडलेले, मनगटावर जुनं एचएमटी घड्याळ. सी आणि पर्लमध्ये आयुष्य गेलेलं. त्यांनी एक किस्सा सांगितला. टेस्ट लिहायची हत्यारं आज प्रत्येक भाषेला आहेत, त्यांचं एक मूळ जेयुनिट. 1997 मध्ये केंट बेक आणि एरिक गॅमा झुरिकहून अटलांटाला परिषदेला निघाले होते, आणि विमानातल्या त्या प्रवासात दोघांनी एका लॅपटॉपवर बसून ते लिहायला घेतलं. “शेजारी बसून लिहिण्याला काही ऑफिस लागत नाही,” काका म्हणाले. मग माझा स्टिकर वाचून म्हणाले, “पुढचं माझ्याबरोबर कर. पीएचपीत करू. मला बघायचंय.”

तोवर मला पटाची मोजमापं सुचत होती. हजार बाय हजार घ्यावा का, गरज पडेल तसा वाढवावा का. काका म्हणाले, “पटच ठेवू नकोस.”

“मग?”

“जिवंत घरांची नुसती यादी ठेव. मेलेली घरं अनंत आहेत, त्यांचं ओझं कशाला वाहतोस?”

यादी म्हणजे ‘0,1’, ‘1,1’, ‘2,1’ असे शब्द. ठीक. पण जन्म मेलेल्या घरात होतो. मग अनंत मेलेल्या घरांपैकी तपासायची कुठली? काका गप्प. मुद्दाम गप्प होते हे मागाहून लक्षात आलं. आणि एकदम मला शाळेची वेबसाइट आठवली. तिथे मी विद्यार्थी प्रतिनिधीचं मतदान करून दिलं होतं. मतपत्रिकांची यादी, आणि कुणाला किती मतं पडली ते मोजायला पीएचपीत एक तयार फंक्शन आहे, अॅरे काउंट व्हॅल्यूज. मी म्हटलं, “काका, प्रत्येक जिवंत घर आपल्या आठही शेजाऱ्यांना एकेक मत देईल. सगळ्या मतांची एक लांबडी यादी करायची आणि मोजायची. ज्यांना एकही मत नाही त्यांच्याकडे बघायचंच नाही.”

ते म्हणाले, “लिही.”

सगळ्यात साधा आकार घेतला, ओळीत तीन जिवंत घरं. तीन घरं, चोवीस मतं. मोजणी केली तर मधल्या घराच्या बरोबर वर आणि बरोबर खाली अशा दोन मेलेल्या घरांना तीन-तीन मतं. मधल्या घराला स्वतःला दोन. टोकाच्या दोघांना एकेकच. तीन मतंवाले जन्मले, दोन मतं असलेलं मधलं जिवंत होतं म्हणून टिकलं, टोकाची दोन्ही मेली. आडवी रेघ उभी झाली. पुन्हा चालवलं, उभी आडवी झाली. पुन्हा उभी. कोपऱ्यातल्या घरांनाही दोन-दोन मतं पडत होती, पण ती मुळात मेलेली, म्हणून मेलेलीच राहिली. त्याची टेस्ट काकांनी लिहिली, मला ती सुचली नसती. पट नाही, कड नाही, दहा बाय दहा नाही. वीसेक ओळी.

काका खुर्चीत मागे रेलले. “आता बोलव त्या पीएचपीला हसणाऱ्यांना.”

घंटा झाली. मी म्हटलं, “काका, एवढा तरी ठेवतो.” त्यांनी तोवर दाबलं होतं.

मला खरोखर राग आला. सकाळचा कोड जाताना चुटपुट लागली ती सवयीची. हा जाताना लागली ती वस्तूची. रात्री मावसभावाकडे जेवण झाल्यावर मी तो पुन्हा लिहिला. चहा निवायच्या आत झाला, आणि दुपारच्यापेक्षा आखूड. एक अख्खं फंक्शन या वेळी लागलंच नाही.

शेवटच्या सत्राची अट होती की कोडात ‘इफ’ वापरायचा नाही. एकही नाही. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण मला ते समजलं नाही. जोडीदार ‘पॉलिमॉर्फिझम’ म्हणत राहिला, मी मान हलवत राहिलो आणि सकाळच्या चहासारखीच ती चुकीच्या जागी हलत राहिली. जिवंत पेशीचा एक वर्ग, मेलेल्या पेशीचा दुसरा, प्रत्येकाला आपापलं काय व्हायचं ते माहीत. ऐकताना छान वाटतं. लिहायला गेलं की कुठूनतरी ‘इफ’ डोकं काढतोच.

समारोपाला सगळे गोल बसले. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काय शिकलात, कशाचं आश्चर्य वाटलं, सोमवारी कामावर गेल्यावर काय वेगळं कराल. लोक छान छान बोलले, इंग्रजीत. माझी पाळी आली. मी विचारलं, “मराठीत चालेल का?” बाई म्हणाल्या, “चालेल काय, बोला.” मी म्हटलं, “सोमवारी हळदीच्या पट्टीला टेस्ट लावणार.” निम्म्या लोकांना भाषा कळली नाही, आणि ज्यांना कळली त्यांना पट्टी कळली नाही. मग सांगावं लागलं. शेतकऱ्याचा माल सौद्यात विकला गेला की अडत्या त्याला हिशेबाचा कागद देतो. इतकी पोती, इतकं वजन, हा दर, त्यातून हमाली, तोलाई, बाकीच्या कपाती, आधी घेतलेली उचल, आणि हाती पडणारी रक्कम. ती पट्टी माझ्या प्रोग्रॅममधून निघते. गोलातला एकजण म्हणाला, हे तर डोमेन लॉजिक. असेल. यार्डात त्याला पट्टीच म्हणतात.

सगळंच काही मला पटलेलं नाही. तिथल्या दिवसभराच्या बोलण्यात गिऱ्हाईक हा प्राणी एकदाही आला नाही. लोगो मोठा करा, मुलाचा फोटो वर घ्या, ‘शुभमुहूर्त’ चमकायला पाहिजे, असं सांगणारा माणूस टेस्टमध्ये कसा बसवायचा? मंगल कार्यालयाच्या वेबसाइटला मी टेस्ट लिहिणार नाही. फोटो, पत्ता, तारखांचं कॅलेंडर. तिथे अजूनही उघडूनच बघेन. आणि दोन माणसं एका लॅपटॉपवर ही चैन आहे, आमच्या दरात एक माणूससुद्धा पुरत नाही. पण जिथे आकडा आहे, आणि त्या आकड्यावर कुणाचं तरी घर चालतं, तिथे ‘झ्याक झालंय’ पुरत नाही.

सोमवारी बसलो. पीएचपीयुनिट नावाचं तयार हत्यार आहे, सेबास्टियन बर्गमन यांनी केलेलं. ते कंपोजरने उतरवायचं. उतरेना. माझ्या लॅपटॉपवरची पीएचपी जुनी, अडत्याच्या सर्व्हरवरची त्याहून जुनी, ती बदलली की पट्टी छापणारं दुसरंच काहीतरी बंद पडणार. मी ती भानगड बाजूला ठेवली आणि साधी एक फाइल केली. फंक्शनला आकडे द्यायचे, आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडायचं, जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. हिरवा-लाल रंग मात्र एचटीएमएलच्या टेबलातच. तेवढं माझं राहू दे.

उदाहरणं कुठून आणायची? मला सुचली ती सगळी भोळी होती: दहा पोती, पूर्ण क्विंटल, गोल दर. मग दुकानात गेलो आणि दिवाणजींना विचारलं. दिवाणजी त्या पेढीवर मालकाच्या वडिलांच्या काळापासून आहेत. टेस्ट म्हणजे काय ते मी सांगू लागलो, त्यांनी हातानेच थांबवलं.

“उचल मालापेक्षा जास्त झाली तर काय छापतं तुमचं?”

मला माहीत नव्हतं.

“एकाच शेतकऱ्याचा माल दोन दराने गेला तर? गठ्ठा वेगळा, कणी वेगळी?”

ते बोलत होते, मी लिहीत होतो. पोतं फाटून माल पुन्हा तोलला तर तोलाई एकदा का दोनदा. पैशांचं गोलीकरण रुपयाला का नव्या पैशाला, आणि ते प्रत्येक कपातीला करायचं का शेवटच्या रकमेला. बापाच्या नावावर उचल आणि मुलाच्या नावावर माल. मग त्यांनी कपाटातून जुन्या हाताने लिहिलेल्या पट्ट्यांची फाइल काढली आणि अवघड अवघड तेवढ्या वेचून माझ्यापुढे टाकल्या. आकडे आत, उत्तर खाली, सही. मी बाणेरला दिवसभर एसीत बसून जे शिकलो ते या माणसाच्या कपाटात फडक्यात बांधून ठेवलेलं होतं. ‘अनंत पट’ त्यांना विचारला असता तर पहिल्या मिनिटात त्यांनी विचारलं असतं, कोण म्हणालं दहा बाय दहा?

त्या पट्ट्या आता फाइलीत आहेत. काही अजून लाल आहेत. बाप-मुलाच्या उचलीचा निर्णय मालकाने द्यायचा आहे आणि मालक म्हणतात, बघू सीझननंतर.

आणि रविवारी आता वालचंद कॉलेजचा एक मुलगा येतो. शेजारच्या आळीत खोली घेऊन राहतो, मेसचा रविवार संध्याकाळचा खाडा असतो म्हणून जेवायलाच येतो म्हणा. जेवणाआधी तासभर माझा कोड वाचतो. पहिल्या दिवशी ‘टेम्प’ला हसला, मी त्याच्या स्पेलिंगला हसलो. मागच्या खेपेला त्याला मी ‘इफ’ न वापरण्याचं खूळ सांगितलं. त्याने ते मनावर घेतलं आणि हमालीचं गणित, म्हणजे पोत्याचं वजन इतक्याच्या आत असेल तर हा दर आणि वर असेल तर तो, एकही ‘इफ’ न घालता करून दाखवा म्हणून मलाच पैज लावली. तीन घरांच्या त्या रेघेसारखं नुसतं मतमोजणीवर ते भागत नाही. दरांची एक छोटी यादी करून तिच्यातून शोधायचं असं काहीतरी मी जुळवत आणलंय, तो म्हणतो शोधायच्या लूपमध्ये ‘इफ’ लपलाय.